आधी अंग, मग लुगडं

इंदूताईंना मी पहिल्यांदा नमस्कार केला, तेव्हा उलट नमस्कार न करता त्या म्हणाल्या, "तुझा उजवा खांदा खाली आहे. कॅमेऱ्याची बॅग आता डाव्या खांद्याला लावत जा." मी भोरमधला फोटो स्टुडिओवाला. हनुवटी वर करा, खांदे सरळ करा, असं दुसऱ्यांना सांगण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. मला कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. राग आला. घरी जाऊन आरशात पाहिलं तर खांदा खालीच होता, त्यामुळे राग आणखी वाढला.

त्या आता भोरात नाहीत. बहिणीकडे साताऱ्याला राहायला गेल्या. त्यांच्याविषयी लिहायला बसलोय तर एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ह्या बाईंचं मी वाईट केलं. ठरवून नाही, पण केलं. पुढं मी त्यांची स्तुती करीन, ती माझा चांगुलपणा म्हणून कुणी जमेस धरू नये.

मेलेल्या माणसांचे पुतळे करणं हे त्यांचं काम. भोर-वेल्ह्याकडे ऐपत आली की लोक वडिलांचा किंवा आजोबांचा पुतळा बांधावर नाहीतर घरासमोर बसवतात. भोरहून कापूरहोळला जाताना रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. बाई उंचीनं बेताच्या, साठी ओलांडलेल्या. साडीवर पुरुषी सदरा आणि हाताला सदा माती. तरुणपणी पुण्यात शिल्पकला शिकून परत आल्या त्या इथंच राहिल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मला उभी माणसं कळतात. स्थळं सगळी बसून बोलायची."

एखाद्या घरचे लोक मेलेल्या माणसाचा फोटो घेऊन आले की त्या फोटो घ्यायच्या आणि पालथा ठेवायच्या. मग प्रश्न सुरू. घागर कुठल्या कडेवर घ्यायची? बसल्यावर कुठला गुडघा धरून उठायचे? तंबाखू कुठल्या गालात? बाईचा पुतळा असेल तर हटकून विचारायच्या, "लेकरं किती पाजली?" आलेले पुरुष खाली मान घालून शेडची जमीन पाहत बसायचे. ताई थांबायच्या. उत्तर मिळाल्याशिवाय फोटो सुलटा होत नसे.

एका माजी सरपंचांनी वडिलांच्या पुतळ्याची ऑर्डर देताना सांगितलं होतं, पोट जरा आत घ्या, कोट चांगला दिसेल. ताई म्हणाल्या, "कोट मी नंतर घालते. आधी तुमचे वडील उभे राहू द्यात." पोट होतं तेवढं ठेवलं. सरपंच पुतळा बसवायच्या दिवशीसुद्धा धुसफुसत होते. मग त्यांची म्हातारी आई पुढं आली, तिनं पुतळ्याच्या पोटावर तळहात ठेवला आणि सगळ्यांची भाषणं होईपर्यंत तो काढला नाही. त्यानंतर सरपंच पोटाबद्दल बोलले नाहीत.

त्यांच्या कामाची रीतच तशी होती. पुतळा कुणाचाही असो, त्या आधी उघडं अंग घडवायच्या. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती, त्या मातीतून माणूस जसा जन्माला येऊन जगून म्हातारा झाला तसा. ते पुरं झालं की वर मातीचंच धोतर, कोट, लुगडं चढायचं. मग त्याचा साचा आणि साच्यातून पक्का पुतळा. "आधी अंग, मग लुगडं," असं त्या म्हणायच्या. "नुसतं लुगडं घडवलं तर ते दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसतं." अंग उघडं असेतो शेडच्या मागच्या भागाला गोणपाटाचा पडदा असे आणि पडद्याआड कुणाला प्रवेश नसे. घरच्यांनाही नाही. "उघड्या माणसाजवळ पाहुणे नेत नाहीत."

मला मात्र प्रवेश होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना लांबून प्रमाण नीट कळेना. मग अंग पुरं झालं की मला बोलवायच्या. मी चार बाजूंनी चार फोटो काढायचे, छोटे प्रिंट द्यायचे. त्या ते प्रिंट उलटेसुलटे धरून चुका शोधायच्या. काम झालं की फोटो पुसायचे, प्रिंट फाडायचे. पहिली दोन वर्षं समोर उभ्या राहून त्या माझ्याकडून पुसून घ्यायच्या. नंतर विश्वास बसला.

वेल्ह्याकडच्या पासली गावच्या यमुनाबाईंचा पुतळा हे त्यातलंच एक काम. बाई वारल्या त्याला वर्ष झालं होतं. थोरला मुलगा दत्तू आणि धाकटा संदीप आले. सोबत मतदान कार्डावरचा नखाएवढा फोटो. भाताची खाचरं आईनं एकटीनं उभी केली, तिथंच बांधावर तिला उभी करायची, असं दत्तू म्हणाला. पन्नाशीचा गडी, पण आईचं बोलताना टोपी काढून हातात धरत होता. लेकरं किती पाजली, ह्या प्रश्नावर दोघं भाऊ उठून बाहेर तंबाखू मळायला गेले.

तोंड तयार झालं की घरच्यांनी येऊन ते पसंत करायचं, असा रिवाज. पासलीहून भाताच्या हंगामात पुन्हा पुन्हा येणं दत्तूला जमणार नव्हतं, म्हणून ताईंनी ह्या वेळी आधी तोंड पुरं केलं आणि बाकीचा सांगाडा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला. दत्तू आला, त्यानं पाहिलं आणि तिथंच उकिडवा बसला. म्हणाला, "आता हाक मारंल." तोंड पास झालं. त्यानंतर ताई अंगाला लागल्या. म्हणजे ज्या दिवशी मी फोटो काढायला गेलो, त्या दिवशी यमुनाबाईंचं तोंड गावानं ओळखावं इतकं पुरं होतं आणि अंगावर चिंधी नव्हती.

असं काम मी त्यांच्याकडेही पूर्वी पाहिलं नव्हतं. चिखलात वाकून वाकून कमरेत कायमचा राहिलेला बाक. ओघळलेले स्तन, त्यातला डावा जास्त. पोटाच्या वळ्या. पाठीवर भाजल्याचा जुना डाग. सगळा भार उजव्या पायावर टाकून बाई उभी, कुणीतरी बोलावलंय आणि आता निघायचंय अशी. मी फोटो काढले आणि फोटोही फार चांगले आले. त्यातच माझं डोकं फिरलं. प्रिंट दिले, पण फोटो पुसले नाहीत.

मोबाईलवर हौशी चित्रकार आणि फोटोग्राफर लोकांचा एक मोठा ग्रुप होता, राज्यभरातले लोक असलेला. मी त्यात होतो. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या समोरून काढलेला फोटो तिथं टाकला. वर लिहिलं, 'मातीतली आई.'

पहिला तासभर वाहवा चालली. चित्रकलेच्या एका निवृत्त मास्तरांनी उजव्या पायावरच्या भाराविषयी लांबलचक आणि अगदी बरोबर लिहिलं. मग एक जण म्हणाला, ग्रुपमध्ये बायका आहेत, भान ठेवा. एका बाईनं लिहिलं, मी बाईच आहे, मला काही झालं नाही. तिला उत्तर आलं, मग तुमच्या आईचा टाका. तिथून जी जुंपली ती जुंपली. एक म्हणाला ही कला, दुसरा म्हणाला हे पॉर्न, फक्त म्हातारीचं. कुणी देवळांवरच्या मूर्तींचा दाखला दिला, त्यावर देवळाचं वेगळं असतं असं कुणीतरी सांगितलं. मी लिहिलं, दगडाचं चालतं तर मातीचं का नाही? त्याला भरपूर अंगठे मिळाले. मग मी लिहीतच सुटलो. अश्लीलता बघणाऱ्याच्या नजरेत असते, वासना चाळवणं हा जिथं हेतू नाही तिथं अंग हे फक्त अंग असतं, वगैरे. पासपोर्ट फोटोला आलेल्या दोन गिऱ्हाइकांना मी दुपारी या म्हणून परत पाठवलं. मी जिंकत होतो. एवढ्या सगळ्या भांडणात ही बाई कोण, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

संध्याकाळी तो फोटो आमच्या भोर-वेल्ह्याच्या ग्रुपवर आला. कुणी उचलून आणला ते कळलं नाही. वर लिहिलं होतं, 'पासलीची यमुना. ओळखली का?' खाली हसणारी तोंडं. कुणी लिहिलं, 'आज्जी फॉर्मात.' कुणी छातीभोवती लाल गोल काढून तोच फोटो परत टाकला. ह्याच ग्रुपवर रोज कमरा हलवणाऱ्या पोरींचे व्हिडिओ फिरतात आणि कुणी चकार शब्द काढत नाही. भाटघर धरणाच्या पाण्यात ओल्या साडीतल्या नवरीचे लग्नाआधीचे फोटो काढणारा मीच, ते ह्याच लोकांनी डोक्यावर घेतलेले. पण हा फोटो मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. माझा फोटो. मी काढलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंकडे गेलो. त्यांचा फोन साधा, त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी माझा मोबाईल पुढं केला. चष्मा लावून, मातीच्या बोटानं सरकवत त्यांनी पहिल्यापासून सगळं वाचलं. आधी माझा ग्रुप, मग भोरचा. एक ओळ सोडली नाही.

"तू लिहिलंस ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मीही हेच लिहिलं असतं."

मला जरा धीर आला. तेवढ्यात त्या पुढं म्हणाल्या, "पण एवढ्या लिखाणात यमुनाबाईंचं नाव कुठंच नाही रे."

"ताई, नजर वाईट आहे लोकांची."

"आहेच. तुला माहीत नव्हती?"

मी त्यांच्या हातातला मोबाईल परत घेतला.

"अंग उघडं करणं हे माझं काम. ते मी पडद्याआड करते. तू पडदा काढलास, आणि वर भांडत बसलास की बघणारे वाईट. कला म्हणून टाकलंस म्हणतोस. खरं सांग, कशासाठी टाकलंस?"

खरं मला माहीत होतं. वाहवा हवी होती. त्यांनी ते माझ्याकडून वदवून घेतलं नाही.

थोड्या वेळानं टेम्पो येऊन थांबला. दत्तू उतरला, संदीप उतरला, आणि त्यांची बहीण मंगल. तिला भोंगवलीत दिलेली, येताना तिला घेऊन आले होते. दत्तूच्या हातात टोपी नव्हती, डोक्यावरही नव्हती. तो चप्पल न काढता आत आला आणि पडद्याच्या अलीकडे थांबला.

"ताई, आमी तुमच्यापाशी आय सोपवली हुती."

"होय, दत्तोबा."

"गावात तोंड दावायला जागा न्हाई. नातवंडाला आळीतली पोरं इचारत्यात, तुजी पणजी दाव म्हनून."

मी मध्ये तोंड घातलं. चूक माझी आहे, फोटो मी टाकला, पण कलेच्या दृष्टीनं बघायला गेलं तर, असं काहीतरी. दत्तूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमी गप ऱ्हावा," म्हणाला. "ताई, ती मोडा. आत्ताच्या आत्ता, आमच्या म्होरं. संदीप व्हिडिओ घील. त्येच ग्रुपवर टाकायचा. लोकास्नी कळाया पायजे का आमी सोसलं न्हाई."

संदीपनं मोबाईल काढून हातात धरला. ताई उभ्याच होत्या.

"आन मला येक सांगा," दत्तू म्हणाला. त्याचा आवाज फाटायला लागला होता. "तिची छाती, तिची पाठ, ह्ये तुमाला कसं ठावं? कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. मनानं केलं," ताई म्हणाल्या.

हे खोटं होतं. ते काम चालू असताना फोनवर भोंगवलीशी तास तासभर बोलत बसलेल्या मी त्यांना पाहिलं होतं. मंगलनं भावाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. मग ती सरळ चालत गेली आणि पडदा बाजूला करून आत आईसमोर उभी राहिली. बाहेर आम्ही चौघं तिच्या पाठीकडे पाहत होतो. पुतळ्याकडे बघायची आम्हा पुरुषांची छाती नव्हती.

"म्या सांगितलं, दादा," ती तिकडूनच म्हणाली. "शेवटलं सा म्हैनं तिला न्हाऊ कोन घालत हुतं? तुमी दाराभाईर हुता. तिच्या पाठीवरचा डाग तुमी कदी बगितलाय तरी का? चुलीवर पडली हुती, तुमच्या येळंला पोटुशी असताना." मग वळून म्हणाली, "ह्यात वंगाळ काय हाय? आपुन हिच्यातनंच आलोय न्हवं?"

"वंगाळ हाय म्हनतोय का मी?" दत्तू म्हणाला. तो एकदम हळू बोलायला लागला होता. "पर आता लोकांनी बगितलंय, मंगल. उंद्या बांदावर लुगडं नेसून उभी ऱ्हायली तरी मान्सं खालचंच बगत्याल. मग लुगड्याचा उपेग काय?"

आदल्या दिवशी दिवसभर माझ्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं. ह्याला नव्हतं. आजही नाही.

ताई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." खुंटीवरची माती कापायची तार काढली आणि संदीपकडे वळल्या. "व्हिडिओ नाही. उघड्या माणसाचा एकदा काढून झालाय, तेवढा पुरे." संदीप भावाकडे बघायला लागला. मंगलनं येऊन त्याच्या हातातला मोबाईल घेतला आणि आपल्या कमरेला खोचला.

हातोडीनं नाही मोडलं त्यांनी. पायांपासून सुरुवात केली. तार लावायची, ओढायची, सुटलेला मातीचा तुकडा दोन्ही हातांत घ्यायचा आणि नेऊन पाण्याच्या टाक्यात सोडायचा. पोटऱ्या, मांड्या, ओटीपोट. एकही तुकडा टाकला नाही, प्रत्येक ठेवला. मी मदतीला वाकलो तर म्हणाल्या, "तू नको." मग मंगल पदर खोचून पुढं झाली. तीन महिन्यांचं काम होतं. आतल्या सळ्या उघड्या पडत गेल्या. शेडमध्ये तुकडा पाण्यात बुडाल्याचा आवाज येई, तेवढाच. दत्तू भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि प्रत्येक आवाजाला त्याची मान आत जात होती.

छाती झाली, खांदे झाले. ताईंनी तार गळ्याला लावली.

"तोंड ऱ्हाऊ द्या," दत्तू भिंतीकडे बघतच म्हणाला.

"ओल्या मातीचं तोंड टिकत नाही, दत्तोबा. वाळलं की तडकतं."

"ऱ्हाऊ द्या म्हनतो."

ताईंनी गळ्याखाली एक हात आधाराला धरला आणि दुसऱ्या हातानं मानेतली सळई करवतीनं कापली. वेळ लागला. तोंड फळीवर ठेवलं, ओल्या कापडात गुंडाळलं. "दिवसातनं तीनदा कापड ओलं करा. ऊन लागू देऊ नका," एवढं सांगितलं. दत्तू टेम्पोत मागं बसला, मांडीवर ती फळी घेऊन. पासलीपर्यंतचा रस्ता कसा आहे ते मला माहीत आहे.

त्यानंतर तीन-चार घरांनी आपापल्या माणसांचे फोटो ताईंकडून परत नेले. कारण कुणी सांगितलं नाही. मी दोन्ही ग्रुपवर जाहीर माफी लिहिली, चांगली लांब, मनापासून. तिलाही लाइक आले. ते पाहून मला स्वतःचीच किळस आली. शेडवर दोनदा गेलो, दोन्ही वेळा ताई माझ्याशी नीट बोलल्या, चहा दिला, पण काम सांगितलं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते कापूरहोळला. भात निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत, सकाळचे दहा वाजले असतील. एका ढाब्याच्या पत्र्याखाली त्या वेल्ह्याकडच्या गाडीची वाट पाहत उभ्या होत्या. सोबत मातीचं पोतं, हत्यारांची गुंडाळी आणि कपड्यांची पिशवी. मी मोटारसायकल थांबवली.

"दत्तूचा फोन आला होता," त्या आपणहून म्हणाल्या. "कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेला. तीनदा काय, दहादा कापड ओलं करत होता म्हणे." मग म्हणाल्या, "परत करून द्या म्हणतो. त्यांच्याच घरी, मधल्या खोलीत. मंगल राहायला येणार आहे."

"परत आधी अंगच?" मी विचारलं.

"मग लुगडं कशावर बसेल?"

"दत्तूला चालेल?"

"दाराला पडदा त्यानं स्वतः लावलाय. बाहेर बसणार म्हणतो. पुतळा होईतो कुणाला आत सोडणार नाही, स्वतःसुद्धा येणार नाही."

"आणि लोक? तो म्हणाला होता ते?"

"लोक बघतील. काही वर्षांनी विसरतील, किंवा नाही विसरणार. त्यानं ठरवलंय, तिचं तोंड रोज बघायचं." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. गाडी अजून येत नव्हती.

मला राहवेना. मी म्हणालो, "ताई, अंग झालं की चार बाजूंचे फोटो लागतील तुम्हाला. मी येतो. कॅमेरा नेतो तो तिथंच ठेवून येतो. पाहिजे तर दत्तूच्या समोर पुसतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मापं घेताना पाहायच्या तसं.

"नको," म्हणाल्या. "कुठं चुकलं ते मंगल सांगेल. तिनं पाहिलंय."

गाडी आली. मातीचं पोतं जड होतं, त्यांच्यानं उचललं नसतं. ते मी उचलून आत ठेवलं. तेवढं त्यांनी मला करू दिलं.